राखेतली मुळाक्षरं

आमच्या ज्युनिअर कॉलेजात फळा पुसायचं काम मुलांचं होतं. पण शांतवन रणपिसे सरांच्या तासाला कुणी डस्टरला हात लावत नसे. सर आपलं लिहिलेलं आपणच पुसत, वरून खाली, कोपऱ्यांसकट, आणि मगच वर्गाबाहेर पडत. इथवर ठीक होतं. पण आधीच्या तासाच्या मास्तरांनी फळा भरलेला सोडला असेल तर सर तो पुसतही नसत आणि शिकवायला सुरुवातही करत नसत. सरळ स्टाफरूममध्ये येऊन उभे राहत.

मी आळेफाट्याच्या त्या कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झाले तो ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार. पहिल्याच आठवड्यात मी निवांत चहा पीत बसले होते आणि दारात एक उंच, काळासावळा, पांढऱ्या फुलशर्टातला माणूस छत्री टेकवून उभा राहिला. आभाळात ढगाचा टिपूस नव्हता.

"मॅडम, तुमचे समास वर्गात राहिलेत."

मला वाटलं माझी वही राहिली. गेले तर फळाभर माझेच द्वंद्व आणि बहुव्रीही. चाळीस पोरं दात काढून बघतायत आणि हा गृहस्थ खिडकीबाहेर पाहतोय. मी तणतणत फळा पुसला. ह्या माणसाशी आपलं जन्मात जमायचं नाही, असं त्या दिवशी मी ठरवून टाकलं होतं. माझे असले निर्णय फारसे टिकत नाहीत.

सर इतिहास शिकवत. आळ्याहून थोडं आत गेलं की त्यांचं गाव. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, बाकी सगळी शेतकरी आळी. पण मिशनच्या काळातलं एक छोटंसं दगडी चर्च होतं, त्याला गावातले सगळेच 'येशूचं देऊळ' म्हणत. सर त्या चर्चचे एक पंच होते आणि किल्ली त्यांच्याकडे असे. कॉलेजला ते सायकलवर येत, छत्री दांडीला बांधून. बाराही महिने छत्री का, असं विचारलं की म्हणत, "बिशपाच्या हातात काठी असते. मला कोण देणार? म्हणून ही."

अभ्यासक्रमात युरोपच्या मध्ययुगाला जेमतेम एक धडा होता. सर तो धडा दिवाळीपर्यंत पुरवत. राजे आणि लढाया ते झटपट उरकत, आणि मग रंगात येऊन सांगत ते चर्चची इमारत कशी बाटते आणि बाटली तर पुन्हा शुद्ध कशी करतात ते. मी शेजारच्या वर्गात अलंकार शिकवत असायची आणि भिंतीपलीकडून हसण्याचे फवारे यायचे. शेवटी एकदा मीच जाऊन मागच्या बाकावर बसले.

"चर्चमध्ये रक्त सांडलं तर चर्च बाटतं," सर सांगत होते. "मग तिथं प्रार्थना बंद, लग्न बंद, माती देणं बंद. बिशप येईपर्यंत दाराला कुलूप. पण कसलं रक्त? कुणाचा घोळणा फुटला, तर बाटत नाही. सुतार काम करताना बोट कापून घेतो, तरी बाटत नाही. रागानं सांडलेलं रक्त पाहिजे."

बोरी बुद्रुकचा एक वात्रट मुलगा उठला. "सर, आन् डास मारला तर?"

"रागानं मारला का?"

वर्ग कोसळला. सर शांतपणे पुढे निघाले. बिशप येतो, पाणी घेतो, त्यात मीठ घालतो, राख घालतो, द्राक्षाची दारू घालतो आणि त्या पाण्यानं चर्च शिंपडून काढतो. आणि नवं चर्च देवाला वाहायचं असेल तर त्याहून गमतीची गोष्ट. जमिनीवर राख पसरतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, अशा दोन तिरक्या पट्ट्या. आणि बिशप आपल्या काठीच्या टोकानं त्या राखेत मुळाक्षरं लिहितो.

"देवाच्या घरात पहिलं काम काय होतं? धूळपाटी!" असं म्हणून सर छत्रीनं हवेतच अ आ इ ई काढून दाखवत. एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पगाराच्या दिवशीही पाहिला नाही.

हा विषय ह्यांच्या डोक्यात शिरला कुठून, असं मी पुढे विचारलं. तोवर आमचं बरं जमलं होतं, आणि फळा मी न चुकता पुसत होते. सर बशीत चहा ओतत म्हणाले, "आमचा आजा मिशनच्या शाळेत शिकला आणि बाटला, असं गाव म्हणायचं. माझ्या बापाला म्हणायचं बाटग्याचा पोर. हा शब्द मी पाळण्यात ऐकलाय. म्हटलं, आपण बाटलेले आहोत तर निदान त्याचा अभ्यास तरी करावा. जगात कोण कोण बाटतं, कशानं बाटतं. तर मॅडम, सगळीकडे एकच हिशेब निघाला. बाटलं म्हणजे संपलं नाही. धुता येतं. फक्त धुवायचं कुणी एवढंच ठरवावं लागतं."

"आणि कुणी धुवायचं?"

"ज्यानं घाण केली त्यानं. तिथं मात्र माझं बिशपांशी पटत नाही. घाण गावानं करायची आणि धुवायला बिशपानं यायचं, हे काही खरं नाही."

रडका सूर त्यांच्या बोलण्यात कधी नसे. चहा संपला की बशी स्वतः विसळून पालथी घालत.

एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही मुलांची सहल डिंभ्याला नेली होती. धरणात गेलेल्या एका गावाचं देऊळ पाणी ओसरलं की उघडं पडायचं. भिंतींना शेवाळ वाळून चिकटलेलं, गाभारा रिकामा. देव लोकांनी आधीच विधी करून वरच्या नव्या वस्तीत नेला होता. पोरं बुटांसकट आत घुसली. एक म्हातारा मासे धरायचं जाळं पायरीवर वाळत घालत होता, पण त्यानं स्वतःच्या वहाणा मात्र खाली काढून ठेवलेल्या.

सरांनी विचारलं, "बाबा, देव तर वर नेला ना? मग वहाणा का काढल्या?"

"द्येव न्येला वं. पर पायाला कोन सांगनार? त्येंला सवय हाय."

सर खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. ते पाहून पोरांनीही मुकाट बूट काढले. परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले. मग एकदम म्हणाले, "ह्या म्हाताऱ्यापुढे माझे सगळे कायदे कच्चे आहेत." आणि लगेच झोपी गेले. प्रवासात त्यांना बसल्याजागी झोप लागायची.

आता सरांच्या घरातलं सांगते. त्यांची बायको रूथबाई. ठेंगणी, गोरी, भांगात पांढरी बट आणि जीभ माझ्यापेक्षाही धारदार. चर्चच्या ओसरीत त्यांनी कित्येक वर्षं बालवाडी चालवली. गावातली सगळी पोरं, कुठल्याही जातीची, पहिलं अक्षर रूथबाईंच्या हाताखाली गिरवलेली. आणि दर रविवारी चर्चमध्ये पेटी त्याच वाजवत. ती साधी पेटी नव्हे, पायानं भाता मारायची मोठी पायपेटी, मिशनच्या बाईंनी मागे ठेवलेली. ती हलवायची तर दोन गडी लागत. सर बिशपांचं काही सांगायला लागले की रूथबाई म्हणत, "झालं, आलं ह्येंचं चर्च बाटायला. आदी पाठीमागची मोरी धुवा, ती बाटलीया."

त्यांच्या बालवाडीत शिकलेले दोन सख्खे भाऊ, दावीद आणि शिमोन. लेकरंबाळं झालेले बागायतदार. विहीर एक आणि द्राक्षबागा दोन. विहिरीच्या मोटारीची पाळी दोघांत ठरलेली, पण वीज केव्हा येईल आणि केव्हा जाईल हे काही त्या दोघांच्या हातात नव्हतं. त्यामुळे कुणाची पाळी कुठे संपली ह्यावर रोज धुसफूस. एका रविवारी, गणपती नुकतेच उठले होते, प्रार्थना संपून मंडळी बाहेर पडत असताना दोघे वेदीसमोरच भिडले. शिमोननं हाताला लागली ती वस्तू उचलली. भिंतीवर गीतांचे नंबर लावायची लाकडी पाटी. ती त्यानं दावीदच्या डोक्यात घातली.

दावीदला नारायणगावला नेऊन टाके घातले. चर्चची सगळी मंडळी दोन्हीकडे वाटली गेली. जे पाळक महिन्यातून दोनदा येत ते तरुण होते आणि भांडणाला घाबरत. त्यांनी कुणाला तरी सांगून फरशीवर फिनेल ओतून घेतलं आणि विषय मिटवला. शहाबादी फरशीत डाग उरला तो उरलाच.

पुढची गंमत अशी. चर्चच्या समोर पारूबाई राहत. माळकरी, एकट्या, मनानं लोण्यासारख्या. देवाच्या दारात रक्त सांडलं हे त्यांना काही केल्या चैन पडू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या गाईचं गोमूत्र तांब्यात धरलं, आणि झाडलोटीसाठी दार उघडं होतं तेव्हा आत जाऊन वेदीपासून उंबऱ्यापर्यंत शिंपडून आल्या. वर चार जणांना सांगितलंही, की मी येशूचं देऊळ सोवळं केलं, आता काळजी नका करू.

मग काय विचारता! जे दोन गट एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते ह्या एका गोष्टीवर एक झाले. आमच्या चर्चमध्ये गोमूत्र! चर्च बाटवलं म्हणून पारूबाईंना आत्ताच्या आत्ता जाब विचारायचा. दहाबारा माणसं त्यांच्या अंगणात जमली. त्या दिवशी मी सरांच्या घरी उत्तरपत्रिका घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पारूबाई दारात हात जोडून उभ्या. "म्या काय वंगाळ केलं रं बाबांनो? द्येवाचं घर व्हतं, रगत सांडलं व्हतं."

सर छत्री घेऊन मध्ये जाऊन उभे राहिले.

"पारूबाईंना वाटलं देवाचं घर बाटलं," ते म्हणाले. "तुमच्यापैकी कुणाला वाटलं? हात वर करा."

कुणी हात वर केला नाही.

"चहा सांडल्यासारखं पुसून टाकलंत तुम्ही. आख्ख्या गावात एका बाईला कळलं की काहीतरी घडलंय, आणि तिच्याच दारात तुम्ही भांडायला आलात. गोमूत्राचं माझ्या पुस्तकात नाही. पण बाटलंय हे पुस्तकात आहे, आणि ते पारूबाईंनी बाटवलेलं नाही."

मग त्यांनी जाऊन चर्चच्या दाराला कुलूप घातलं. जुन्या कायद्यानं बिशप येईस्तोवर बंद. "आणि माझ्या कायद्यानं," ते म्हणाले, "ते दोघे एक बादली धरून येईस्तोवर."

पाळक पुढच्या रविवारी आले आणि हवालदिल झाले. "सर, आपल्या पंथात असलं काही नाही हो."

"माहीत आहे मला. आपल्यात फिनेल आहे."

तेव्हापासून प्रार्थना चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली सुरू झाली. घंटा बंद, पेटी आत कुलपात. दावीदची माणसं चिंचेच्या ह्या अंगाला बसत, शिमोनची त्या अंगाला. लोक सरांना हट्टी म्हणाले, कारभारी म्हणाले, एकानं तर तोंडावर पोप म्हटलं. सर हसले फक्त. दसरा गेला, दिवाळी गेली. भाऊ काही हलेनात.

आणि रूथबाईंचं दुखणं वाढलं. छातीचं जुनंच होतं, त्या हिवाळ्यात मात्र चार पावलं चालल्या की त्यांना बसावं लागे. पुण्याच्या डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. रूथबाईंना ते न सांगताच कळलं होतं. मी गेले तेव्हा त्या गोधडीत बसून वाल सोलत होत्या, आणि सर समोर.

"मला नाताळाला आत बसून पेटी वाजवायची हाय," रूथबाई म्हणाल्या. "फुडल्या नाताळाचं काय खरं न्हाई."

सर वालाची टरफलं गोळा करायला लागले.

"तुमच्या बिशपाला इचारा की, आजारी बाईला काय सूट असती का?"

सरांनी खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या ओंजळीत, वालांवरच ठेवली. "घे. तू उघडलंस तर मी अडवणार नाही."

इतक्या वर्षांत तो माणूस डळमळलेला मी तेवढाच पाहिला. मला सरांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. एका फरशीपायी बाईचा जीव टांगणीला लावायचा! रूथबाईंनी मात्र किल्ली उलटीसुलटी करून पाहिली, पदराच्या टोकाला बांधली आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या.

किल्ली कित्येक दिवस त्यांच्या पदराला होती. त्यांनी दार उघडलं नाही. नाताळ तोंडावर आला तेव्हा त्यांनी दावीदला निरोप धाडला, माझी पेटी आत अडकली आहे, ती काढून चिंचेखाली आणून दे. आणि तोच निरोप शिमोनला. वेळही तीच.

दोघे आले. एकमेकांना पाहून दोघेही परत फिरले असते, पण चर्चच्या पायरीशी खुर्चीत शाल पांघरून रूथबाई बसल्या होत्या. त्यांच्या हाताखाली छड्या खाल्लेल्या माणसाची अशी पाठ फिरवून जायची टाप नव्हती.

"येकट्याला उचलंल का रं?" त्यांनी किल्ली पुढे केली. "न्हाई ना? मंग जावा दोघं."

दार उघडलं. आतला कोंडलेला वास बाहेर आला. दोघे पेटीच्या दोन टोकांना गेले. पेटी होती वेदीच्या बाजूला, आणि ती बाहेर काढायची तर डागावरूनच जावं लागणार होतं. दोघांनी उचललीही. डागापाशी आल्यावर शिमोनचे पाय थांबले. पेटी हातात, मागे जाता येईना, पुढे पाऊल टाकवेना.

"खाली ठिव," दावीद म्हणाला. भावाशी तो तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलला होता.

पेटी खाली ठेवली. शिमोन तिथंच फतकल मारून बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागला, एवढा मोठा बाप्या. दावीद उभा होता. कपाळावर टाक्यांचा वण. बाहेर सर भरलेली बादली घेऊन केव्हाचे उभे होते हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरले.

"सर," दावीदनं विचारलं, "प्येटी न्यायाची का फरशी धुवायाची?"

"तुझं तू बघ."

दावीदनं एका हातानं बादली उचलली. दुसरा हात शिमोननं लावला.

मग सरांच्या अंगात जो उत्साह संचारला तो काय सांगू! मीठ रूथबाईंच्या स्वयंपाकघरातून आलं. राख हवी म्हटल्यावर पारूबाई आपल्या चुलीतली सूप भरून घेऊन धावत आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थबकल्या. "म्या आत येऊ का?" सर म्हणाले, "तुम्ही नाही तर कोण?" राहिली द्राक्षाची दारू. शिमोन न बोलता बागेत गेला. हंगामाचे पहिले घड, अजून आंबटढाण, पण घड खरेच. जिच्या पाण्यावरून डोकं फुटलं त्याच विहिरीवरचे. ते त्यानं मुठीत चिरडून बादलीत पिळले. दोघा भावांनी गुडघ्यांवर बसून आख्खं चर्च धुऊन काढलं.

फरशी वाळली तशी सरांनी राखेच्या दोन तिरक्या पट्ट्या ओढल्या. "हे खरं तर नव्या चर्चला करतात," ते मला हळूच म्हणाले, "पुन्हा शुद्ध करताना नाही. कुणाला सांगू नका." आणि त्यांनी आपली छत्री शिमोनच्या हातात दिली. शिमोन एका कोपऱ्यापासून निघाला. दावीदला झाडूची काठी मिळाली, तो दुसऱ्या कोपऱ्यापासून. अ, आ, इ, ई. रूथबाईंची खुर्ची आत आणली होती.

"दावीद, ऊचं शेपूट आत घे. लहानपनी बी आसाच काडायचास!"

दोघे मधोमध एकमेकांना भेटले तेव्हा तिथं कुणाचं अक्षर कुणावर चढलं ते कळेनासं झालं. मी देवळात जाणारी बाई, पण त्या राखेपुढे माझे हात आपोआप जोडले गेले.

नाताळाला रूथबाईंनी आत बसून पेटी वाजवली. भाता मारायला पायात बळ नव्हतं, तर दावीद एका बाजूला बसला आणि शिमोन दुसऱ्या, आणि दोघांनी हातांनी भात्याच्या फळ्या दाबल्या. ताल कधी चुकला, कधी धावला. गाणाऱ्यांना फार सांभाळून घ्यावं लागलं. आंबे उतरायच्या आत रूथबाई गेल्या. त्यांची शेवटची प्रार्थना चर्चच्या आतच झाली.

सर पुढे निवृत्त झाले. माझी बदली झाली तेव्हा, दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, मी निरोप घ्यायला गावात गेले. शनिवार होता. चर्चचं दार उघडं, दावीद आणि शिमोन फरशी पुसत होते. उद्याच्या प्रार्थनेसाठी दर शनिवारी ते दोघेच पुसतात, असं कळलं. सर बंद पेटीशेजारी बाकावर बसले होते. दृष्टी अधू झाली होती. छत्री मांडीवर.

शिमोनच्या बायकोनं चहा आणला. आम्ही रूथबाईंच्या आठवणी काढत होतो. सर म्हणाले, "किल्ली तिच्या पदराला होती तेव्हा मॅडम, मी रोज झोपेतून उठून बघायचो, गाठ सुटलीय का. ती दार उघडेल ही एक भीती. आणि ती उघडायच्या आत जाईल, ही त्याहून मोठी. मी कायदा सांगत बसलो. निभावून नेलं ते तिनं."

बोलता बोलता त्यांच्या हातातली बशी कलंडली आणि चहा धुतलेल्या फरशीवर सांडला. दोन्ही भाऊ फडकी घेऊन धावले.

"थांबा," सर म्हणाले. "सांडलं कुणी?"

दोघे जागच्या जागी थांबले. मीही उठलेली परत बसले. सर पेटीला धरून सावकाश गुडघ्यांवर आले, खिशातला रुमाल काढला आणि हातानं चाचपत फरशी पुसायला लागले, वरून खाली, कोपऱ्यांसकट. पुसून झाल्यावर त्या ओल्या दगडावर त्यांनी बोटानं काहीतरी काढलं. मी वाकून पाहिलं. अ होता.

"ऊन आहे, लगेच वाळेल," सर म्हणाले. "तुमची एसटी चुकेल, मॅडम. निघा."